आठवीपासून क्लास लावला नाही, म्हणून डॉक्टर व्हायचं राहिलं का?

पत्र:

मॅडम, मी बीड जिल्ह्यात केज तालुक्यातल्या एका गावात राहते. दहावीला आहे, मराठी माध्यम. मला डॉक्टर व्हायचंय. धाकट्या भावाला न्यूमोनिया झाला तेव्हा आम्ही अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात होतो. तिथल्या डॉक्टर मॅडमना बघून मी ठरवलं. पण गावातली दोन मुलं आठवीपासून लातूरला फाउंडेशन क्लासला आहेत. ती म्हणतात, आता सुरुवात करून काही उपयोग नाही. पप्पा म्हणतात, दोन एकर विकू, पण तुला लातूरला नाहीतर राजस्थानात कोट्याला पाठवू. आमचं सगळं मिळून साडेतीन एकर रान आहे. मला रात्री झोप लागत नाही. गणित नको वाटतं, अकरावीला सोडलं तर चालेल का? आणि एक गोष्ट मी घरी कुणालाच सांगितलेली नाही. रक्त बघितलं की मला चक्कर येते. मग मी डॉक्टर कशी होणार? आधार कार्डावर माझ्या नावाचं स्पेलिंग शाळेतल्यापेक्षा वेगळं लागलंय, त्यानंही पुढे काही अडतं का?
एक विद्यार्थिनी, इयत्ता दहावी

उत्तर:

बाळा, पहिल्यांदा झोपेची गोष्ट मिटवू. तुला उशीर झालेला नाही.

डॉक्टरकीच्या प्रवेशासाठी देशभर घेतली जाणारी नीट ही परीक्षा अकरावी आणि बारावीच्या अभ्यासक्रमावर होते. १८० प्रश्न, ७२० गुण. त्यात जीवशास्त्राचे ९०, भौतिकशास्त्राचे ४५ आणि रसायनशास्त्राचे ४५ प्रश्न असतात. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, चुकलं की १ जातो. यातलं काहीही आठवीच्या मुलाला विचारत नाहीत. फाउंडेशनवाली मुलं पुढचे धडे आधी वाचतात. काहींना त्याचा फायदा होतो, काही तीन वर्षांत कंटाळतात आणि खरी अकरावी सुरू होते तेव्हा पुस्तक उघडवत नाही, अशीही मुलं मी बघितली आहेत. अकरावीच्या पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर तोच धडा असतो. तो कुणाला किती झेपेल, हे दहावीपर्यंतचं विज्ञान आणि गणित किती पक्कं आहे यावर ठरतं. ते पक्कं करायला तुझ्याकडे अख्खं वर्ष आहे.

आता दुसरी बाजूही सांगते, कारण तुला खोटा धीर द्यायचा नाही. २०२५ मध्ये २२ लाखांहून जास्त मुलं नीटला बसली होती. देशभरात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास, आणि सरकारी महाविद्यालयांतल्या त्यातल्या साधारण निम्म्या. म्हणजे मनापासून कष्ट करणाऱ्या कितीतरी हुशार मुलांनाही जागा मिळत नाही. हे माहीत असूनही तुला हा रस्ता धरावासा वाटला, तर खुशाल धर. फक्त आतापासून गुणांचे आकडे मोजत बसू नकोस. ‘साडेसहाशे पडले तरच काहीतरी होतं’ असं तुला कुणी ना कुणी सांगणारच. २०२४ च्या पहिल्या निकालात ६७ मुलांना ७२० पैकी ७२० पडले होते. पुढच्याच वर्षी पेपर इतका अवघड निघाला की देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ गुण होते. आकडा दरवर्षी हलतो, आणि तुझी परीक्षा अजून खूप लांब आहे.

मग दहावीच्या या वर्षात करायचं काय? माझं ठाम मत आहे की नीटचे प्रश्नसंच आत्ता हातातही घेऊ नयेत. विज्ञान हात लावून शिकायचं आणि डॉक्टरचं काम जवळून बघायचं, एवढंच या वर्षाचं काम.

हात लावून शिकायचं म्हणजे काय, ते एका धड्यावरून सांगते. विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या पहिल्या भागात ‘भिंगे व त्यांचे उपयोग’ हा धडा आहे. मुलं त्यातली सूत्रं पाठ करतात, किरणाकृती घोटून घोटून काढतात आणि मोकळी होतात. तू असं कर. घरात आजीचा किंवा शेजारच्या कुणाचा नुसता वाचायचा चष्मा असेल तो माग. दुपारी उन्हात जा, एक भिंग सूर्यासमोर धर आणि खाली पांढरा कागद ठेव. कागद पुढेमागे करत जा, म्हणजे एका जागी उजेडाचा ठिपका सगळ्यात बारीक होईल. शिवणाच्या टेपनं भिंगापासून कागदापर्यंतचं अंतर मोज. ५० सेंटिमीटर आलं, तर मीटरमध्ये ते अर्धा झालं. एकाला अर्ध्यानं भाग. दोन. म्हणजे आजीच्या चष्म्याचा नंबर प्लस दोन. नंबर लिहिलेली चिठ्ठी घरात असेल तर ताडून बघ. (भिंगातून सूर्याकडे मात्र चुकूनही बघायचं नाही, आणि कागद एका जागी फार वेळ धरायचा नाही, तो पेट घेतो.) त्यानंतर स्वतःला विचार, आजीला लांबचा माणूस ओळखू येतो आणि सुईत दोरा का ओवता येत नाही? याचं उत्तर तुला पुस्तकात न बघता, तुझ्या भाषेत चार वाक्यांत लिहिता आलं, तर तो धडा तुझा झाला. अकरावीत प्रकाशशास्त्र समोर येईल तेव्हा तुला घाबरायचं कारण उरणार नाही.

विद्युतधारेच्या धड्यालाही हेच लागू आहे, उष्णतेलाही आणि रासायनिक समीकरणांनाही. जीवशास्त्राचं मी जास्त सांगत नाही. आपल्याकडच्या मुली जीवशास्त्र मनापासून करतात, तिथे सहसा अडत नाही. गाडी अडते ती भौतिकशास्त्रात. तिथले १८० गुण, म्हणजे पेपरचा चौथा हिस्सा, कितीतरी मुली जवळजवळ सोडूनच देतात.

आणि म्हणूनच गणित सोडू नकोस. सोडणं नियमात बसतं. नीटला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र पुरतं, अकरावीला गणित न घेताही फॉर्म भरता येतो. पण अकरावीचं भौतिकशास्त्र त्रिकोणमिती, आलेख, घातांक आणि सदिशांशिवाय एक पान पुढे सरकत नाही. ज्या मुलींनी गणिताची भीती वाटते म्हणून ते सोडलं, त्यांना तीच भीती भौतिकशास्त्राच्या तासाला पुन्हा भेटते, आणि तेव्हा शिकवायला गणिताचे सर नसतात. निदान अकरावीचं एक वर्ष गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेव. पुढे मन बदललं तर तुझ्यासाठी जास्त दारं उघडी राहतील, हा वेगळा फायदा. नको नेमकं कशानं वाटतं, तेही शोध. बऱ्याचदा गाठ सातवी-आठवीतल्या अपूर्णांकांत किंवा गुणोत्तर-प्रमाणात पडलेली असते. ती सोडवायला दिवाळीची सुट्टी पुरते. बालभारतीची जुनी पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट मिळतात. खालच्या वर्गाचं पुस्तक उघडायला लाजू नकोस.

आता डॉक्टरचं काम बघण्याबद्दल. भावाच्या वेळी तू एका खाटेच्या बाजूनं दवाखाना बघितलास. त्या मॅडम तुला दिसल्या, त्यांनी धीर दिला, भाऊ बरा झाला. आता तुला दुसऱ्या बाजूनं बघायचंय, आणि त्यासाठी मोठ्या दवाखान्यात शिरायची गरज नाही. तुमच्या गावात महिन्यातून एकदा अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात लसीकरणाचं सत्र होतं. आशाताईंना आणि नर्सताईंना आधी विचार, त्या हो म्हणाल्या तर एक सकाळ तिथे कोपऱ्यात बस. वजनाच्या नोंदी लिहायला किंवा बाळांच्या आयांना पाणी द्यायला मदत कर. लसीच्या, सुईच्या सामानाला हात लावायचा नाही. फोटो काढायचा नाही. कुणाच्या बाळाचं वजन कमी भरलं, कुणाला काय झालंय, हे बाहेर पडल्यावर मैत्रिणीलाही सांगायचं नाही. डॉक्टरकीचा पहिला धडा हाच आहे आणि तो पंधराव्या वर्षीसुद्धा पाळता येतो.

तिथे काय काय बघायचं ते सांगते. लसीच्या बाटलीवर एक छोटा जांभळट गोल असतो आणि त्याच्या आत एक चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली. चौकोन गोलाइतका गडद झाला की ती बाटली बाद. त्या चौकोनात उष्णतेनं हळूहळू रंग बदलणारा पदार्थ असतो, त्यामुळे कारखान्यापासून तुमच्या अंगणवाडीपर्यंतच्या प्रवासात लसीला किती ऊब लागली हे ताईंना नुसत्या नजरेनं कळतं. दोन ते आठ अंश तापमान सांभाळत लसीची डबी उन्हातान्हातून गावात येते. मग बाटली उघडल्यावर नर्सताई तिच्यावर वेळ लिहितात, तेही बघ. बीसीजी आणि गोवर-रुबेलाची लस भुकटी असते, ती द्रावकात मिसळल्यावर चार तासांच्या आत संपवायची, उरली तर टाकून द्यायची. पेंटाव्हॅलंटची, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीची, उघडलेली बाटली मात्र नियम पाळले तर २८ दिवसांपर्यंत चालते. असं का? ताईंना विचार. त्या सांगतील, आणि तुला जंतुसंसर्गाबद्दल एवढं कळेल की तो धडा वेगळा घोकावा लागणार नाही.

एखाद्या बाळाच्या दंडाला हिरव्या, पिवळ्या, लाल रंगाची पट्टी लावून बघतात. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला की लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. कागदाच्या एका पट्टीवर केवढा मोठा निर्णय होतो, बघ. पण मला वाटतं, सगळ्यात जास्त लक्ष तू बोलण्याकडे द्यावंस. एखादी आई म्हणते, मागच्या खेपेला ताप आला होता, आता सुई नको. सासूनं नको म्हणून सांगितलेलं असतं. आशाताई तिच्यावर न चिडता, तिला कमी न लेखता, काय बोलतात? आधी काय विचारतात? लस टोचून झाल्यावर आईला अर्धा तास का थांबवतात, आणि तिला घाई असेल तर कसं थांबवतात? डॉक्टरचा निम्मा दिवस अशाच बोलण्यात जातो. ते तुला बघायला आवडलं, तिथून उठावंसं वाटलं नाही, तर तुझी निवड पक्की समज. कंटाळा आला तर तेही प्रामाणिकपणे लक्षात ठेव. त्यात काही वाईट नाही, फक्त ते अठराव्या वर्षाऐवजी पंधराव्या वर्षी कळलेलं बरं.

घरी आल्यावर वहीत लिही. नावं न लिहिता, काय बघितलं आणि काय कळलं नाही, एवढंच. या सवयीची किंमत सांगायला मराठवाड्यातलंच उदाहरण आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर जालना जिल्ह्यातल्या खेड्यातले, घरची परिस्थिती गरिबीची. नागपुरातून डॉक्टर होऊन ते कोकणात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. तिथे लाल विंचू चावून माणसं, लहान मुलं दगावत होती. त्यांनी रुग्णाच्या खाटेशेजारी बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांच्या तासातासाच्या नोंदी ठेवल्या. हृदयावर ताण येऊन फुप्फुसात पाणी साचतं हे त्यातून उमगत गेलं. पुढे प्राझोसिन नावाचं रक्तदाबाचं साधं औषध वापरून त्यांनी ते मृत्यू फार मोठ्या प्रमाणात खाली आणले. त्यांचं हे काम लॅन्सेटसारख्या जगभर वाचल्या जाणाऱ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. हाताशी मोठी यंत्रसामग्री नव्हती. बघायचं, लिहायचं आणि ‘असं का’ हे विचारत राहायचं, एवढं होतं. ते तुलाही आजपासून करता येईल.

रक्त आणि चक्कर. हे तू कुणाला सांगितलं नाहीस, याचं मला वाईट वाटलं, कारण ही लपवायची गोष्टच नाही. काहींच्या शरीरात रक्त दिसताच नाडी एकदम मंदावते, रक्तदाब घसरतो, मेंदूकडे जाणारं रक्त क्षणभर कमी होतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. हा भित्रेपणा नाही. शस्त्रक्रियागृहात पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी कुणी ना कुणी असं खाली बसतंच, आणि त्यातले पुढे सर्जनही होतात. सवयीनं हे बहुतेकांचं कमी होतं. त्यावर एक उपायही आहे. चक्कर येतेय असं वाटताच मांड्या, पोटऱ्या, पोट आणि हाताच्या मुठी दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायच्या, चेहरा गरम झाल्यासारखा वाटेपर्यंत. मग अर्धा मिनिट सैल सोडायच्या. असं चार-पाच वेळा करायचं. त्यानं रक्तदाब वर राहतो. घरी बसून सराव कर, म्हणजे वेळ आली की आठवेल. उपाशीपोटी अशा ठिकाणी जाऊ नकोस आणि अंधारी आली तर सरळ खाली बस किंवा आडवी हो.

दुसरं, एकदा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन हिमोग्लोबिन तपासून घे. शाळेत आठवड्याला मिळणारी ती निळी लोहाची गोळी तू खातेस का? खरं सांग, बऱ्याच मुली ती दप्तरात ठेवतात आणि नंतर टाकून देतात. तुझ्या वयाच्या मुलींमध्ये रक्त कमी असणं फार आहे, आणि त्यानंही थकवा येतो, अभ्यासात लक्ष लागत नाही. रक्त न बघताही, नुसतं उभं राहून किंवा पळताना चक्कर येत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवायलाच हवं. आईला आजच सांग.

पुढचा भाग पप्पांना वाचून दाखव.

भाऊ, नमस्कार. मुलीच्या शिक्षणासाठी रान विकायला निघालेला बाप माझ्यासाठी फार मोठा माणूस आहे. पण हात जोडून सांगते, क्लाससाठी जमीन विकू नका. साडेतीनातले दोन एकर गेले तर मागे काय उरतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. पण त्याचं ओझं पोरीच्या डोक्यावर काय बसतं, ते सांगते. जमीन विकून लावलेल्या क्लासात बसलेलं लेकरू पहिल्या चाचणीत कमी गुण पडले की चुकलेला प्रश्न बघत नाही, एकराचा हिशेब करत बसतं. तिला आत्ताच झोप लागत नाही.

राजस्थानात पाठवायचा विचार तर मनातून काढाच. महाराष्ट्रातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा देशपातळीवर भरतात आणि ८५ टक्के राज्याच्या फेरीतून. राज्याच्या जागांसाठी अधिवास तर लागतोच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण असावी लागते. केंद्र सरकारच्या नोकरीत बदली झालेल्यांच्या मुलांसारखे थोडे अपवाद आहेत, शेतकऱ्याच्या मुलीला ते लागू होत नाहीत. म्हणजे बारावी बाहेरच्या राज्यातून केली, तर मोठा खर्च करून पोरीच्या हक्काच्या जागा आपणच घालवल्या असं होतं. कुणी एजंट ‘नावाला इथे, शिकायला तिथे’ असं काही सुचवत असेल, तर त्याच्या नादी लागू नका.

लातूर वाईट नाही. तिथल्या महाविद्यालयांनी नियमित शिकवणं आणि सतत चाचण्या घेणं यावर नाव कमावलंय. पण तो निर्णय दहावीच्या निकालानंतर घ्या. आधी केजची, अंबाजोगाईची कनिष्ठ महाविद्यालयं स्वतः जाऊन बघा. भौतिकशास्त्राला शिकवणारं माणूस वर्षभर टिकतं का, प्रयोगशाळेत मुलं खरंच हातानं प्रयोग करतात का, तास होतात का, हे तिथल्या बारावीच्या मुलांना विचारा. ते चांगलं असेल तर घरून ये-जा करून आणि आईच्या हातचं खाऊनही नीटचा अभ्यास होतो. तुम्ही ओबीसीत येत असाल आणि नॉन-क्रिमीलेयरमध्ये बसत असाल, तर दहावीनंतर विज्ञान शाखेला गेलेल्या मुलांसाठी ‘महाज्योती’ ही सरकारी संस्था निवड झालेल्यांना नीटचं ऑनलाइन प्रशिक्षण मोफत देते, सोबत टॅब आणि इंटरनेटही देते. अनुसूचित जातींसाठी बार्टी आणि मराठा समाजासाठी सारथी अशा संस्था आहेत, त्यांच्याही योजना बघाव्यात. नीटच्या तयारीसाठी केंद्र सरकारचं ‘साथी’ नावाचं मोफत संकेतस्थळ आहे. पुण्यात बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेली ‘लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट’ ही संस्था गरिबाघरच्या मुलांना नीटसाठी मोफत शिकवते.

आणि खर्चाची मुख्य गोष्ट. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) गटातल्या, घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना सरकारी प्रवेश फेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला जागा मिळाली, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. व्यवस्थापनाच्या कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत नाही. राहण्या-जेवणाचा आणि पुस्तकांचा खर्च येईलच, तो साडेपाच वर्षांचा धरा. त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं, तेव्हा विद्यावेतन मिळतं. सरकारी महाविद्यालयातून शिकल्यावर एक वर्ष सरकारी सेवेचा बॉण्ड असतो. रान राखून ठेवा. लागलंच तर तेव्हा विचार करता येईल.

आता पुन्हा तुझ्याकडे येते. मराठी माध्यमाची काळजी तू पत्रात फक्त एका शब्दात लिहिलीस, पण ती मला दिसली. नीट १३ भाषांमध्ये होते, त्यात मराठी आहे. मराठी निवडली की प्रश्नपत्रिकेत मराठी आणि इंग्रजी दोन्ही मजकूर असतो, भाषांतरात काही शंका निघाली तर इंग्रजी मजकूर ग्राह्य धरतात. परंतु अकरावी-बारावीचं विज्ञान आपल्याकडे इंग्रजीतूनच शिकवतात, एनसीईआरटीची, म्हणजे केंद्राच्या संस्थेची, पुस्तकं मराठीत नाहीत, आणि पुढे वैद्यकीय शिक्षणही इंग्रजीत. त्यामुळे आत्तापासून वहीच्या मागच्या पानांवर दोन रकाने कर. तंतुकणिका म्हणजे मायटोकॉण्ड्रिया, अपवर्तन म्हणजे रिफ्रॅक्शन, असे धड्यातले चार-पाच शब्द रोज. दहावीच्या सुट्टीत इंग्रजी माध्यमाचं दहावीचंच विज्ञानाचं पुस्तक ई-बालभारतीवरून उतरवून घे आणि वाच. आशय तुला आधीच माहीत असेल, त्यामुळे वाक्य उमगायला फार कष्ट पडणार नाहीत. अकरावीचा पहिला महिना त्यानं खूप सोपा जाईल. माझ्या मते ती सुट्टी घालवायचा याहून चांगला मार्ग नाही.

एमबीबीएसशिवाय काय, हेही आत्ताच थोडं बघून ठेव. नीटच्याच निकालावर बीडीएस, आयुर्वेदाचं बीएएमएस, होमिओपॅथी, फिजिओथेरपी आणि पशुवैद्यकीची पदवी असे प्रवेश होतात. बीएस्सी नर्सिंगला राज्याची वेगळी सीईटी आहे. घरी जनावरं असतील आणि त्यांची ओढ असेल, तर पशुवैद्यकाला दुय्यम समजू नकोस. नर्सिंगलाही नाही. त्या सत्रात बसशील तेव्हा तुझ्या लक्षात येईल, गावाचं आरोग्य बहुतेक नर्सताईच सांभाळत असतात.

रोज सात-आठ तास झोप. सोळा तास अभ्यास केला म्हणून सांगणाऱ्या मुलांचे व्हिडिओ बंद. वाचलेलं पक्कं होतं ते झोपेतच. मन फार जड झालं, सगळं नकोसं वाटायला लागलं, तर आईशी बोल, शाळेतल्या जवळच्या बाईंशी बोल, आणि कुणाशीच बोलवत नसेल तर १४४१६ वर फोन लाव. ती टेलिमानसची मोफत सरकारी सेवा आहे, रात्री-अपरात्रीही चालू असते आणि मराठीतून बोलता येतं.

राहिला नावाचा प्रश्न. होय, अडतं. तू तो शेवटी लिहिलास, पण तुझ्या सगळ्या प्रश्नांत घाईचा हाच आहे. दहावीच्या प्रमाणपत्रावर जे नाव छापलं जातं, तेच पुढे नीटच्या फॉर्मवर, बारावीवर आणि डॉक्टर म्हणून नोंदणी होईल तिथपर्यंत चालतं. बोर्डाचा फॉर्म भरल्यावर शाळेकडे तपासणीसाठी यादी येते. त्या यादीत तुझं, पप्पांचं, आईचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख स्वतःच्या डोळ्यांनी एकेक अक्षर वाच. शाळेच्या जनरल रजिस्टरमधलं स्पेलिंग बरोबर असेल तर आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घे, त्यासाठी शाळेचा कुठला कागद चालतो ते तालुक्याच्या आधार केंद्रावर आधी विचार. रजिस्टरमध्येच चूक असेल तर मुख्याध्यापकांना या आठवड्यात भेटा. निकाल लागल्यावर तीच दुरुस्ती बोर्डाच्या विभागीय कार्यालयातून करावी लागते आणि हेलपाटे पडतात. त्याच खेपेला महा ई-सेवा केंद्रात अधिवास, जातीचा दाखला, उत्पन्न आणि नॉन-क्रिमीलेयर यांना काय काय कागद लागतात ते लिहून आण. आजोबांच्या किंवा पणजोबांच्या शाळेच्या दाखल्याची नक्कल मिळते का बघा, कारण जात वैधता प्रमाणपत्राला जुने पुरावे लागतात आणि ते गोळा करण्यातच महिने जातात. अकरावीला विज्ञान शाखेत प्रवेश झाला की वैधतेचा अर्ज महाविद्यालयामार्फत लगेच टाका. ऐन प्रवेशाच्या जूनमध्ये तहसीलच्या रांगेत उभी असलेली, हातात चांगले गुण आणि दाखला मात्र नाही, अशी मुलं दरवर्षी असतात. तू त्या रांगेत नसावीस.